बेघरांचा निवारा : कायदा काय सांगतो, पालिकेला काय विचारायचे?

रात्री अकरानंतर कोणत्याही मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेर पाहिले की फुटपाथवर, पुलाखाली, बंद दुकानांच्या ओट्यावर माणसे झोपलेली दिसतात. कुणी हमाल, कुणी कचरा वेचणारी बाई, कुणी नाक्यावर कामासाठी उभा राहणारा बिगारी. त्यांच्याबद्दल दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, "बिचारे." दुसरी, "यांना हटवा." दया आणि हकालपट्टी यांच्या पलीकडे तिसरी गोष्ट आहे : हक्क. निवारा देणे ही सरकारची जबाबदारी आहे. त्यासाठी न्यायालयाचे आदेश आहेत, योजनेचे निकष आहेत. ते बहुतेक बेघरांना माहीत नाहीत, आणि आपल्या कार्यकर्त्यांपैकीही थोड्यांनाच माहीत आहेत. म्हणून हा लेख.

बेघर म्हणजे कोण?

जनगणनेच्या व्याख्येनुसार, ज्यांना छप्पर असलेली इमारत किंवा घर नाही आणि जे रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, मंदिर-मंडपाच्या उघड्या जागेत किंवा रेल्वे फलाटावर राहतात ते बेघर. झोपडपट्टीतला माणूस या व्याख्येत बसत नाही. त्याचे घर कच्चे असेल, पण आहे. बेघर माणूस त्याच्याही खालच्या पायरीवर आहे.

२०११ च्या जनगणनेत ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. देशात १७.७३ लाख बेघर मोजले गेले. २००१ मध्ये हा आकडा १९.४३ लाख होता. म्हणजे एकूण आकडा घटला, पण शहरांतला वाढला : ७.७८ लाखांवरून ९.३८ लाख. महाराष्ट्रात सुमारे २.११ लाख बेघर होते. उत्तर प्रदेशानंतर सर्वाधिक. एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत, अंधारात, पोलिसांच्या भीतीने जागा बदलणाऱ्या माणसांची मोजणी किती पूर्ण होत असेल, याचा अंदाज प्रत्येकाने करावा. हे आकडे किमान समजूनच पुढे जाऊ.

आपला या प्रश्नाशी संबंध काय?

जातीने घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला सांगावे लागत नाही. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कामाठी बागेत काही तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवला आहे. एवढी विद्वत्ता आणि सरकारी नोकरी असूनही डोक्यावर छप्पर मिळाले नाही. मग ज्याच्याकडे जातीच्या ओझ्यासोबत शिक्षणही नाही आणि नोकरीही नाही, त्याचे काय होत असेल?

धम्मातही निवाऱ्याची जागा ठरलेली आहे. भिक्खूच्या चार मूलभूत गरजांमध्ये चीवर, पिंडपात आणि औषध यांच्या जोडीला सेनासन येते. सेनासन म्हणजे शयन आणि आसन, झोपायची आणि बसायची जागा. ज्याने सर्वस्वाचा त्याग केला त्यालाही ही जागा लागते, असे विनय मानतो. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात तर थेट राज्यकारभाराचा विचार आहे. राज्यात चोऱ्या-लूटमार वाढली तेव्हा राजाला सल्ला मिळतो की केवळ शिक्षा करून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. दुःखाचे कारण शोधा आणि राज्याच्या तिजोरीतून ते दूर करा, असा त्याचा अर्थ.

न्यायालय काय म्हणाले?

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. त्या याचिकाकर्त्यांपैकी एक जण संगमनेरचा होता. गावात चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळत. गावातले घर पडले, तो १९६९ मध्ये मुंबईला आला आणि बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर राहण्यासाठी त्याला स्थानिक गुंडाला ३०० रुपये मोजावे लागले होते. या एका माणसाच्या कहाणीत बेघरपणाची सगळी साखळी दिसते : जातीने बांधलेला धंदा, अपुरी कमाई, पडलेले घर, शहरात मिळालेले काम आणि त्या कामाच्या मजुरीत न परवडणारे घर.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात ठरले. हे मोठे पाऊल होते. मात्र त्याच निकालाने नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितले. तत्त्व मिळाले, घर मिळाले नाही.

पुढे चमेली सिंग खटल्यात न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट सांगितले. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींच्या घरांसाठी सरकारने जमीन संपादित केली होती आणि जमीनमालक त्याविरुद्ध लढत होते. दलितांच्या घरासाठी घेतलेली जमीन न्यायालयाने योग्य ठरवली. निवाऱ्याच्या हक्काचा हा निकाल आपल्याच माणसांच्या घरांवरून लागलेला आहे, हे किती जणांना माहीत आहे?

तिसरा टप्पा दिल्लीचा. डिसेंबर २००९ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, दिल्लीत बेघरांचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००१ पासून चालू होताच. त्यात हा प्रश्न आला आणि २०१० पासून न्यायालयाने आदेश देण्यास सुरुवात केली. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो वर्षभर, दिवसरात्र चालला पाहिजे, हे सूत्र तिथून आले.

योजनेत काय काय लिहिले आहे?

२०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले, तेव्हा 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा त्याचा एक घटक होता. त्याचे निकष प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत असे आहेत :

- दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला कायमस्वरूपी निवारा.
- प्रत्येक व्यक्तीला किमान ५० चौरस फूट जागा.
- निवारा २४ तास, बारा महिने खुला.
- जागा बेघर जिथे राहतात आणि काम करतात त्याच्या जवळ : स्थानक, बस डेपो, बाजारपेठ.
- पाणी, शौचालय, न्हाणीघर, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची जागा, सामान ठेवायला कुलूपबंद कप्पा, प्रथमोपचार.
- महिला, कुटुंबे, वृद्ध, मनोरुग्ण, आजारातून उठलेले रुग्ण यांच्यासाठी वेगळे निवारे.
- राहणाऱ्यांना रेशन, मतदार ओळखपत्र, आधार, बँक खाते, पेन्शन, मुलांचा शाळाप्रवेश मिळवून देणे.

आता साधे गणित करू. २०११ मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. निकषाप्रमाणे १२४ निवारे हवेत आणि त्यांत १२,४०० जणांची सोय. मोजलेले बेघर सुमारे ५७ हजार. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी पाचांतल्या चौघांना जागा नाही. नागपूरची लोकसंख्या तेव्हा सुमारे २४ लाख, म्हणून किमान २४ निवारे. पुणे पालिका हद्दीत ३१. अमरावतीत ६. आपापल्या शहरात आज किती आहेत, हे पाहणे अवघड नाही. निकष हा तळ आहे, छत नव्हे. आणि बहुतेक शहरे तळापर्यंतही पोहोचलेली नाहीत.

या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. नव्या शहरी दारिद्र्य निर्मूलन अभियानाला अंतिम रूप देत असल्याचे केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. योजनेचे नाव बदलताना हे निकष खाली येऊ नयेत, यावर लक्ष ठेवणे हे या काळातले पहिले काम आहे.

"निवारा आहे, पण लोकच येत नाहीत"

हे वाक्य अनेक पालिकांत ऐकायला मिळते. कधी कधी ते खरेही असते. खाटा रिकाम्या असतात. पण कारण काय?

नवरा-बायको आणि दोन मुले फुटपाथवर एकत्र झोपतात. निवारा फक्त पुरुषांचा असेल तर ते कुटुंब तुटते, म्हणून कुणीच जात नाही. भाजी मंडईतला हमाल रात्री गाड्या उतरवतो आणि सकाळी झोपतो. निवारा सकाळी सातला रिकामा करायला लावत असेल तर त्याला तो निरुपयोगी. कचरा वेचणारीचे पोते आत घेऊ देत नाहीत. निवारा शहराच्या टोकाला आणि काम स्थानकाजवळ, मग जायला-यायला पैसे कुठून आणायचे? दारावर आधार कार्ड मागितले जाते आणि ज्याचे कार्ड पावसात गेले तो परत फिरतो. यातली प्रत्येक अडचण योजनेच्या निकषांत आधीच सोडवलेली आहे. चूक अंमलबजावणीची आहे आणि दोष मात्र बेघराच्या माथी मारला जातो.

भीतीचे आणखी एक कारण कायद्यात आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भीक मागणे हा गुन्हा मानतो. इतकेच नाही, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकणाऱ्यालाही तो कवेत घेतो आणि त्याला वर्षानुवर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद करतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या महत्त्वाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण त्या दिल्लीपुरत्या. ज्या राज्यात हा कायदा जन्मला तिथे तो अजून आहे. फासेपारधी कुटुंबांना तर 'गुन्हेगार जमात' हा ब्रिटिशांनी मारलेला शिक्का पुसला गेल्यानंतरही पोलिसांचा ससेमिरा चुकलेला नाही. एका हाताने निवारा आणि दुसऱ्या हाताने अटक, असे धोरण असेल तर माणूस सरकारी गाडी पाहून पळणारच.

याच मुद्द्यावर एक अवघड गोष्ट बोलायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या खटल्यात न्या. भूषण गवई यांच्या पीठासमोर सुनावणी होती. फुकट रेशन आणि पैसे मिळत असल्याने लोक काम करायला तयार नसतात, अशा आशयाचे मत त्यांनी तोंडी व्यक्त केले. पुढे ते सरन्यायाधीश झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले बौद्ध, आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तरीही या मताशी आम्ही आदरपूर्वक असहमत आहोत. वर सांगितलेला हमाल, बिगारी, कचरा वेचणारी बाई, संगमनेरचा तो बदली कामगार, हे सगळे काम करणारेच आहेत. त्यांची मजुरी शहरातल्या घराच्या भाड्याला पुरत नाही. व्यक्तीबद्दल आदर आणि मताची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात, हे आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो.

रस्त्यावर येण्याआधीच थांबवता येते

निवारा ही शेवटची पायरी. माणूस त्या पायरीपर्यंत येऊच नये यासाठी धोरण काय करू शकते?

*गाव.* जमीन नाही, काम नाही, घर पडके, म्हणून माणूस शहर गाठतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले ते पडीक आणि गायरान जमिनींसाठी. त्यांच्याच नावाने २००४ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद तीत आहे. घरासाठी रमाई आवास आहे. पण रमाई आवासला स्वतःची जागा लागते. जागाच नसलेला माणूस घरकुलाच्या यादीतून गळतो आणि पुढे शहराच्या फुटपाथवर दिसतो.

*पाडकाम.* १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने 'बुलडोझर' कारवाईवर लगाम घातला. आधी कारणे दाखवा नोटीस, किमान १५ दिवसांची मुदत, बाजू मांडण्याची संधी. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी. हा निकाल मोलाचा आहे. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदीकाठची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना तो लागू नाही. सगळ्यांत गरीब माणूस नेमका तिथेच राहतो. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुंबईच्या फुटपाथवासीयांचा समावेश झाला होता. पण ठराविक तारखेआधीचा पुरावा लागतो, आणि उघड्यावर झोपणाऱ्याकडे पुरावा कुठून येणार?

*रुग्णालय.* परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर गावाकडून आलेले रुग्ण आणि नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. उपचार स्वस्त, राहणे महाग. रुग्णालयाला जोडून धर्मशाळा किंवा निवारा असणे हा आरोग्य धोरणाचा भाग व्हायला हवा. मानसिक आजाराबाबत तर कायदाच आहे : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे बेघर मनोरुग्णाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळाले पाहिजेत. भटकताना आढळलेल्या मनोरुग्णाला कोठडीत न ठेवता २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

*वसतिगृह.* शिकायला शहरात आलेल्या आपल्या मुलांना वसतिगृह मिळाले नाही तर ती कुणाच्या तरी खोलीत पाहुणा म्हणून राहतात आणि अनेकदा शिक्षण सोडतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यासाठीच आहे. तिचे पैसे वर्ष संपल्यावर मिळाले तर भाडे कशातून भरायचे? वेळेवर मिळणारा हप्ता हेही बेघरपणाचे प्रतिबंधक धोरण आहे.

धोरणाने फरक पडतो का, असे कुणी विचारले तर इंग्लंडचे आकडे पाहावेत. तिथे दर शरद ऋतूत एका रात्रीची मोजणी होते. २०१० मध्ये १,७६८ जण उघड्यावर आढळले. सरकारी मदतीत कपात आणि घरांची टंचाई यांच्या काळात २०१७ पर्यंत ते ४,७५१ झाले. २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने घर जाण्याच्या ५६ दिवस आधीपासून मदत करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. कोविडमध्ये सरकारने लोकांना हॉटेलांत ठेवले आणि २०२० ला आकडा २,६८८ वर आला. पुढे मदत आटली आणि २०२४ मध्ये तो पुन्हा ४,६६७ झाला. माणसांची 'आळशीपणाची वृत्ती' दहा वर्षांत अशी वर-खाली होत नसते. फिनलंडने २००८ पासून वेगळा मार्ग धरला : आधी घर, मग व्यसनमुक्ती, उपचार, काम. हेलसिंकीत २५० खाटांच्या एका निवाऱ्याची ८१ स्वतंत्र घरे केली गेली. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे खरे. पण भाड्याची स्वस्त सरकारी घरे हा विषयच आपल्या शहरांच्या अजेंड्यावर नाही, हेही तितकेच खरे.

आपण काय करू शकतो?

१. माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. विचारा : शहरात किती निवारे, कुठे, किती क्षमता, गेल्या वर्षी रोज सरासरी किती जण राहिले, महिलांसाठी व कुटुंबांसाठी किती, बेघरांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, निधी किती आला आणि किती खर्च झाला?

२. निवारा प्रत्यक्ष पाहा. वरची यादी हातात ठेवा. दिवसा उघडा आहे का? कप्पे आहेत का? शौचालयात पाणी आहे का? राहणाऱ्यांशी बोला, पण त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांचीही प्रतिष्ठा आहे.

३. मतदार नोंदणी करून द्या. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघराला पत्त्याच्या कागदाची गरज नाही. अर्जात सांगितलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकापेक्षा अधिक रात्री जाऊन तो माणूस तिथेच झोपतो याची खात्री करतो, ती पुरेशी असते. ज्याचे मत नाही त्याच्या फुटपाथवर नगरसेवक थांबत नाही.

४. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्याआधी निवाऱ्यासाठी वेगळ्या तरतुदीची लेखी मागणी करा. निकषाचे गणित सोबत जोडा.

५. विहाराचा विचार करा. मुसळधार पावसाच्या किंवा कडक थंडीच्या रात्री वस्तीतले विहार किंवा समाजमंदिराचे सभागृह चार कुटुंबांसाठी उघडता येईल का, यावर विहार समितीत चर्चा व्हावी. मात्र याने सरकारची जबाबदारी संपत नाही, हे त्याच बैठकीत ठरवून पालिकेला पत्रही द्यावे.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. शिवाजी पार्कवर मंडप उभे राहतात, पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दवाखाने लागतात. ही व्यवस्था आपोआप झाली नाही. आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केली, पाठपुरावा केला, तेव्हा पालिकेला ती करावी लागली. लाखो माणसांसाठी काही रात्री जे जमते, ते काही हजार माणसांसाठी वर्षभर जमवता येते. यंदा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना प्रत्येक शहरातल्या दोन-चार कार्यकर्त्यांनी आपल्या पालिकेसाठी माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहायचे ठरवले, तरी कामाला सुरुवात होईल.